बदली माणूस चालत नाही

मॅडमबरोबर पत्ता शोधायला निघायचं म्हणजे पोटभर खाऊन निघावं लागायचं. उस्मानपुऱ्यात इतकी वर्षं राहूनही शहरातल्या गल्ल्या त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून विचारावं लागे. आणि कुणाला विचारायचं याबद्दल त्यांचा नियम होता. कोपऱ्यावरच्या पानटपरीशी दोन-चार निवांत माणसं उभी असत. आपल्याला कुणीतरी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असे. मॅडम त्यांना ओलांडून पुढं जात. मग मनाशी एक आकडा धरत, समोरून येणारी माणसं मोजत आणि त्या आकड्यावर जो येईल त्याला थांबवत. तो फोनवर भांडत चाललेला असो, नाहीतर खांद्यावर गॅसची टाकी घेऊन निघालेला असो. एकदा त्या आकड्यावर भरदुपारी तर्र झालेले एक गृहस्थ आले. "सीधा जाओ मॅडम, सीधाच जाओ, इस्टेशन दिखताच है," असं छातीवर हात ठेवून, फार अदबीनं त्यांनी सांगितलं. आम्हाला जायचं होतं बरोबर उलट्या दिशेला.

"मॅडम, त्या टपरीवाल्याला विचारलं असतं तर?" मी घाम पुसत म्हटलं.

"जो सांगायलाच उभा आहे, त्याच्याकडून जग कळत नाही गं. फार तर पत्ता कळतो."

"आपल्याला पत्ताच पाहिजे होता."

यावर त्या थांबल्या. थोडा विचार केला. "हो, ते मात्र खरंय," म्हणाल्या, आणि पुन्हा माणसं मोजायला लागल्या.

या बाई माझ्या पीएचडीच्या गाईड होत्या. एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. अंगानं काटकुळ्या, सुती साडी, पायात पळायचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक उभा स्टीलचा डबा. स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, मॅडम जेवायला बसल्या. डबा उघडला की आत कागदाच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असायच्या आणि मॅडम त्या हातानं खालीवर करत बसलेल्या असायच्या. जेवण त्या कँटीनमध्ये करत.

मानसशास्त्रातल्या बाकीच्या माणसांचा जीव प्रश्नांत अडकलेला असतो. चिंता कशी मोजायची, आनंद कसा मोजायचा, प्रश्न सरळ विचारायचा की आडून. मॅडमचा सगळा जीव होता तो हे प्रश्न कुणाला विचारायचे यात. अभ्यासक्रमात या विषयाला एकच प्रकरण आहे, नमुना निवड. इतर ठिकाणी ते दोन तासांत संपतं आणि परीक्षेला टीप म्हणून येतं. मॅडमचं ते प्रकरण कधी संपलंच नाही. "माणसाच्या मनात काय आहे ते नंतर बघू," त्या म्हणायच्या, "आधी कुठल्या माणसाच्या, ते सांग."

वर्गात त्या हात वर करणाऱ्याला कधी विचारत नसत. "त्याला येतंच. त्याला विचारून मला काय कळणार?" डब्यातून चिठ्ठी निघे, तिच्यावर हजेरीपटावरचा नंबर असे, आणि तो नंबर नेमका शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचा असे. तो गप्प राहिला तरी मॅडम पुढची चिठ्ठी काढत नसत. थांबत. अख्खा वर्ग थांबे. पंख्याचा आवाज ऐकू येई. शेवटी तो काहीतरी बोले, बहुधा चुकीचं, आणि मॅडमचा चेहरा उजळे. आम्ही हुशार मुली हात वर करून करून खांदे दुखवून घ्यायचो आणि मनातून त्यांच्यावर चिडायचो.

आमच्या धंद्यातली एक उघड गोष्ट त्यांनी जितक्या मोठ्यानं सांगितली तितकी दुसऱ्या कुणी सांगितली नसेल. संशोधन करायचं म्हटलं की लोक शंभर-दीडशे प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स काढतात आणि कॉलेजच्या व्हरांड्यात जातात. तिथं पहिल्या वर्षाची मुलं बसलेली असतातच. त्यांच्याकडून भरून घेतलं की झालं. मॅडम याला 'अकरा वाजताची पोरं' म्हणायच्या. "देशातल्या तरुणांचं मन म्हणून आपण जे छापतो ना, ते एफवायच्या पोरांचं मन आहे. तेही तास ऑफ असतानाचं." पुढं लिंक पाठवून उत्तरं गोळा करायची पद्धत आली. एका मुलानं कौतुकानं दाखवलं की सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला आणि संध्याकाळपर्यंत दोनशे लोकांनी भरला. मॅडमनी मान डोलावली. "छान. आता ज्यांनी लिंक उघडलीच नाही, त्यांच्याकडं कधी जायचं?" तो मुलगा नंतर दुसऱ्या गाईडकडं गेला.

त्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक फ्रेम होती. लोक पदव्या लावतात, सत्काराचे फोटो लावतात. मॅडमनी स्वतःचा पहिला छापून आलेला निबंध लावला होता, मराठवाड्यातल्या स्त्रियांच्या आत्मविश्वासाबद्दलचा. त्याच्या शीर्षकावर लाल शाईनं आडवी रेघ होती आणि खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'हे माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणींबद्दल आहे. मराठवाड्यातल्या स्त्रियांना मी भेटले नव्हते.' भेटायला येणाऱ्याला खुर्ची अशी दिलेली असे की समोर तीच फ्रेम दिसावी. मी पहिल्यांदा ती वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. मग हळूहळू भीती वाटायला लागली. स्वतःच्या चुकीकडं रोज बघत काम करणारं माणूस दुसऱ्याच्या चुकीकडं कानाडोळा कसा करेल?

त्यांच्याबद्दल कॉलेजात कायकाय बोललं जाई. चिठ्ठीत 'नको' निघालं म्हणून मॅडमनी लग्न केलं नाही, अशी एक अफवा होती. मी एकदा धीर करून विचारलं तेव्हा त्या खूप हसल्या. "निर्णय कधी चिठ्ठीनं घ्यायचा नसतो. कुणाचं ऐकायचं, ते चिठ्ठीनं ठरवायचं. नाहीतर आपण आवडत्या माणसांचंच ऐकत बसतो." लग्नाच्या जेवणाबद्दल विचारलं तर त्या म्हणत, "मी एकाच पंगतीला होते, सांगता येणार नाही." हल्लीची पिढी बिघडलीय, असं कुणी म्हणालं की त्या खरोखरच उत्सुकतेनं विचारत, "असं? तुम्ही कुणाकुणाला भेटलात?" समोरच्याला टोमणा वाटे. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे, हेच तर कुणाला पटत नसे.

शेजारच्या केबिनमधले सर म्हणत, "मॅडमच्या विद्यार्थ्याची पीएचडी आणि पेन्शन एकदमच सुरू होते." माझ्या बाबतीत ते खरं होणार अशी लक्षणं दिसत होती. मी मूळची सिल्लोडकडची. वडील शेती करायचे आणि हंगामात कापूस खरेदी करायचे. मी एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, म्हणजे आज आहे आणि उद्या नाही अशी नोकरी. कायम व्हायचं तर पदवी हवी. वर्षामागून वर्षं जायला लागली तसा वडिलांचा धीर सुटला आणि एक दिवस ते स्वतःच मॅडमना भेटायला आले. धुतलेलं धोतर, हातात घरच्या मक्याची कणसं. मी दाराशी जीव मुठीत धरून उभी.

"मॅडम," वडील म्हणाले, "मी अडाणी माणूस. पण आमच्या धंद्यात बी गाठोड्यातनं एक मूठ काढतो आन् भाव करतो. अख्खं गाठोडं सोडत नाय बसत कुणी. पोरीचं तेवढ्यात भागवा की."

मॅडमनी कणसं बाजूला ठेवली आणि पुढं सरकल्या. "मूठ कुठून काढता? वरून?"

"वरनं कशाला? वर तर चांगलाच कापूस असतो. लोक खाली ओला घालतात. मी कोपरापर्यंत हात घालतो, पार तळातनं काढतो."

"आणि सगळे व्यापारी असाच हात घालतात?"

"नाय. आळशी असतो तो वरनं बघतो. बुडतो मंग."

मॅडमनी नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं. वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. बाहेर पडताना मला म्हणाले, "तुझी मॅडम बरोबर हाय. कर गुमान." त्या दिवसापासून घरूनही माझी बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

माझा विषय होता खेड्यातल्या मोठ्या माणसांचा एकटेपणा. देवगाव रंगारीच्या पुढं थोडं आत गेलं की एक गाव लागतं, ते आम्ही घेतलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही आणि पुढं एका बाईंचं येईल तेही बदललेलं आहे. मॅडमच्या हाताखाली शिकलेली माणसं खरी नावं लिहीत नाहीत.

गावात एक पुढारी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. आम्ही येणार म्हटल्यावर त्यांनी जातीनं तयारी केली होती. देवळासमोर मांडव, सतरंज्या, पंखा आणि मांडीला मांडी लावून बसलेली गच्च माणसं. "घ्या मॅडम," नाना म्हणाले, "तुम्हाला पन्नास माणसं पायजे व्हती ना? ही जास्तच हायेत. दुपारपर्यंत भरून टाका, मंग जेवाय चला."

आपल्याकडं पाहुण्याचं काम असंच करतात, आणि ते प्रेमानंच करतात. मीही पिशवीतून प्रश्नावल्या काढायला लागले होते. मॅडमनी विचारलं, "नाना, ह्यांना बोलावलं कसं?"

"फोन केले. गाडीवर फिरलो. जो भेटला त्याला म्हणलं, चल."

"आणि जो भेटला नाही?"

"तो नाय आला. त्याचं काय?"

"मला तोच हवाय."

नानांचा चेहरा गंभीर झाला. ते जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "काय केलंय का त्यानं?"

मॅडमनी त्यांना बाजूला बसवून समजावलं. आपण एकटेपणा बघायला आलोय. ज्याला कुणी फोन करतं, ज्याला गाडीवरून कुणी हाक मारतं, जो हाक मारल्यावर येऊन चारचौघांत बसतो, तो माणूस किती एकटा असणार? नानांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण ते बघत राहिले. मॅडमनी मांडवातल्या सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाल्या, "आलाच आहात तर आता चिठ्ठ्या बघा."

मतदारयादीतल्या गावच्या सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या आम्ही उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी बसून केल्या होत्या. "कॉम्प्युटर एका क्षणात नावं काढून देतो," असं मी तेव्हा कुरकुरत म्हटलं होतं. "देतो. पण तो गावाला दाखवता येत नाही. चिठ्ठी सगळ्यांना कळते," हे त्यांचं उत्तर. आता ते मला समोर दिसत होतं. भिशीची चिठ्ठी काढताना माणसं जशी माना उंच करतात तसा मांडव माना उंच करून बसला होता. मी डोळे मिटून चिठ्ठी काढायची, मॅडम नाव वाचायच्या. कुणी सुरतेला गेलेला निघे, कुणी आजारी, कुणी वस्तीवर राहणारा. मांडवात बसलेल्यांपैकी फार थोडे निघाले.

मग एक नाव वाचलं आणि मांडवातल्या माना एकमेकांकडं वळल्या. द्वारका.

"कोण द्वारका?" नानांनी मागं वळून विचारलं. गावातल्या माणसाला गावातलं माणूस आठवत नव्हतं. बऱ्याच वेळानं मागून एक जण म्हणाला, "आवो ती नाय का, गोठ्यात असती ती. नवऱ्यानं परत धाडलेली, भावाकडं ऱ्हाती." मग एकदम सगळ्यांना आठवलं आणि सगळे हसले. वाईट हसले असं नाही; विसरलेली वस्तू सापडल्यावर हसतात तसं. "तिला काय इचारता मॅडम," नाना म्हणाले, "ती बोलत बी नाय कुणाशी. दुसरी काढा चिठ्ठी."

"बदली माणूस चालत नाही, नाना," मॅडम म्हणाल्या आणि नाव लिहून घेतलं.

बाकीची सगळी माणसं मला मिळाली. काहींसाठी पहाटे जावं लागलं, काहींसाठी मुंबई-सुरतेहून सणाला येण्याची वाट बघावी लागली, एकाची मुलाखत मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून घेतली. द्वारकाबाई तेवढ्या मिळेनात. मी गेले की त्यांची भावजय दारात येई. हसरी, बोलकी, मनानं उदार बाई. हातात चहा दिल्याशिवाय जाऊ देत नसे. पण तिची आक्का, म्हणजे द्वारकाबाई, कधी शेतात गेलेली असे, कधी झोपलेली, कधी तिचं डोकं दुखत असे. गोठ्याच्या दाराआड मला लुगड्याचा काठ हलताना दिसे. "तिला काय कळतंय ताई," भावजय म्हणे, "माझंच लिहून घ्या की. तिला काय आवडतं, काय नाय, समदं मलाच ठावं हाय. जेवायला किती वाढायचं ते बी मीच ठरवते."

इकडं माझ्या नोंदणीची वाढवून घेतलेली मुदत महिनाअखेर संपत होती. त्याआधी गाईडच्या सहीनं प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात आणि कॉलेजातली कायमची जागा दुसऱ्या कुणाला. प्रबंध लिहून तयार होता. मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एकेक तक्ता बघितला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ?"

"त्या द्वारकाबाई. घरच्यांनी नकार दिलाय मॅडम."

"घरच्यांनी स्वतःपुरता नकार द्यावा. आणि घरच्यांना आपण विचारलंच कुठं होतं?"

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, "मॅडम, एका बाईनं काय फरक पडतो?"

"काही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिला वगळलं तर तुझा एकही निष्कर्ष हलणार नाही."

"मग?"

"मग अख्खं गाव तिच्याबद्दल हेच म्हणतंय ना. त्यात आपण कशाला भर घालायची?" त्यांनी पेन उघडलं नाही. "तिला समोरासमोर विचारलं गेलं पाहिजे. त्याशिवाय मी सही करणार नाही. चल, उद्या मीही येते."

मी त्या दिवशी त्यांच्यावर इतकी चिडले होते की घरी जाऊन भांडी आपटली. आणि खरं सांगते, चिडलेली असतानाही मनातून मी दबून गेले होते. माझी नोकरी, माझी वर्षं त्यांना दिसत नव्हती असं नाही. स्टाफरूममध्ये माझ्या मुदतीची काळजी सगळ्यात जास्त त्याच करत होत्या, विद्यापीठात जाऊन दोनदा साहेबांना भेटूनही आल्या होत्या. पण डब्यातून निघालेल्या एका नावापुढं त्यांना कुणाचंच काही मोठं वाटत नव्हतं, स्वतःचंही नाही. असं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. भावजय दारातच भेटली. "आवो मॅडम, तुम्ही कशाला आलात येवढ्या लांब? तिला नाय कळायचं."

"नाही कळलं तर त्या सांगतील ना, कळलं नाही म्हणून," मॅडम म्हणाल्या, आणि चपळाईनं तिच्या बाजूनं गोठ्याकडं गेल्या. मी मागोमाग.

द्वारकाबाई मक्याच्या ढिगाशी बसून कणसं सोलत होत्या. पन्नाशीच्या असतील. आम्हाला बघून त्यांनी पदर ओढला आणि मान खाली घातली. मॅडम समोर जमिनीवर बसल्या, एक कणीस घेतलं आणि सोलायला लागल्या. त्यांना ते मुळीच येत नव्हतं. द्वारकाबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांच्या हातातलं कणीस काढून घेऊन कसं सोलायचं ते दाखवलं आणि परत दिलं. दोघी सोलत बसल्या. भावजय दाराला टेकून उभी होती, तिच्या मागं भाऊही येऊन थांबला.

"तुमच्या गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या होत्या आम्ही," मॅडम म्हणाल्या. "देवळापुढं, सगळ्यांच्या समोर, हिनं डोळे मिटून काढल्या. त्यात तुमचं नाव निघालं."

हात थांबले. "माझं?"

"तुमचं."

"कुणी सांगितलं व्हतं?" आवाज बारीक होता, पण स्वच्छ होता.

"कुणीच नाही."

द्वारकाबाईंनी दाराकडं बघितलं. "हिचं नाय निघालं?"

"नाही."

"नानाचं?"

"त्यांचंही नाही."

त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकं ते मोठं नव्हतं. मॅडमनी मग अगदी साधेपणानं सांगितलं की काही प्रश्न विचारायचे आहेत. एकटं वाटतं का, मनातलं कुणाशी बोलता येतं का, असे. उत्तरं कुणाला दाखवणार नाही, विचारताना घरचं कुणी जवळ असणार नाही. "सांगायचं असेल तर सांगा. नसेल सांगायचं तर नाही म्हणा. दोन्ही चालतं. फक्त ते तुम्ही म्हणायचं."

त्या बाईंनी बोलावं म्हणून माझा जीव तुटत होता. आख्ख्या गावात मी ज्यांना भेटले त्यांत एवढं एकटं कुणी नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांची उत्तरं मिळाली तर माझा प्रबंध कुठल्या कुठं गेला असता. मॅडमना हे माझ्याहून जास्त कळत होतं. जे त्या जन्मभर सांगत आल्या होत्या, की खरी गोष्ट मांडवात न येणाऱ्या माणसापाशी असते, ते माणूस आता हातभर अंतरावर बसलं होतं.

द्वारकाबाईंनी हातातलं कणीस पूर्ण सोललं. ते ढिगावर ठेवलं. मग मान वर करून मॅडमच्या डोळ्यांत बघितलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "मला नाय सांगायचं."

दारातून भावजय कळवळली. "आवो आक्का, मॅडम येवढ्या लांबून आल्या. सांगा की दोन शब्द."

"नाय म्हणलं ना," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि या वेळी आवाज गोठ्याबाहेर गेला. भाऊ चमकून बघायला लागला. बहिणीचा तेवढा आवाज त्यानं बहुतेक बऱ्याच वर्षांत ऐकला नसावा.

मी न राहवून पुढं वाकले, "आक्का, फार नाही, थोडंसंच..." मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड हात होता. मी मागं सरले.

"मंग मॅडम, तिच्या जागी माझं भरून घ्या," भावजय म्हणाली. तिला आमच्या श्रमांचं खरंच वाईट वाटत होतं. "तुमचं काम तर व्हईल."

"त्यांच्या जागी कुणाला घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी?" हे द्वारकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे तुमच्याबदली दुसरं माणूस चालत नाही. ही जे पुस्तक लिहितेय ना, त्यात सगळ्यांच्या ओळी भरलेल्या असतील आणि तुमची रिकामी असेल. पुढं लिहिलेलं असेल, त्यांनी स्वतः नाही म्हटलं."

"रिकामी?"

"हो."

"आन् ती कुणाला बी देणार नाय तुम्ही?"

"कुणालाही नाही."

द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले. भावाकडं बघितलं, भावजयीकडं बघितलं, त्या गोठ्याकडं बघितलं. नवऱ्यानं परत धाडल्यापासून त्या दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या ताटात, दुसऱ्याच्या शब्दांत राहत आल्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या मंग तशीच," त्या म्हणाल्या. "माझी हाय ती."

मॅडमचे डोळे भरून आले होते. ते पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. माझ्या पिशवीतून त्यांनी प्रबंध काढला, मक्याच्या सालांवर बसूनच मांडीवर धरला आणि सही केली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल. तुझं काम पूर्ण झालं."